आधी चाकाला विचारा

ठाणे, डोंबिवली, कल्याण आणि पंचक्रोशीतील तमाम वाहनचालक, मालक, क्लीनर आणि मागच्या सीटवर बसून सल्ले देणारे नातेवाईक यांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, सूड या विषयाचं नौपाड्यातलं एकमेव विद्यापीठ कायमचं बंद झालं आहे. कुलगुरू, प्राध्यापक आणि शिपाई ही तिन्ही पदं एकटीने सांभाळणाऱ्या बर्वेबाई या वर्षी गेल्या. झोपेत गेल्या, शांतपणे गेल्या. त्यांच्या ओळखीतल्या बऱ्याच लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. तो मी स्वतःच्या कानांनी ऐकला, कारण त्यात एक माझाही होता.

बाई गाड्यांच्या एबीएसची, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक घसरू न देणाऱ्या यंत्रणेची, युनिटं दुरुस्त करायच्या. बाकी ठाण्यात ती कोणी दुरुस्त करत नसे, बदलत असत. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला की गॅरेजवाला कॉम्प्युटर जोडतो, ओठ बाहेर काढतो आणि म्हणतो, "मोड्यूल गेलं." युनिटालाच ते मोड्यूल म्हणतात. माझं डोंबिवलीत ड्रायव्हिंग स्कूल आहे. माझ्या एका गाडीला हा दिवा लागला, गॅरेजवाल्याने ओठ बाहेर काढले आणि किंमत सांगितली, तेव्हा मी आधी बसायला जागा शोधली. मग कोणीतरी म्हणालं, नौपाड्यात एक बाई आहेत. दुसऱ्या मजल्यावर. पण जपून बोला.

दार उघडलं ते साठीच्या पुढच्या एका बारक्या बाईंनी. सुती साडी, पदर कमरेला खोचलेला, कपाळावर कुंकू आणि त्याच्या वर पट्ट्याने बांधलेली बॅटरी. घरात फोडणीचा आणि सोल्डरिंगचा वास एकत्र येत होता. जेवणाच्या टेबलावर एका बाजूला चटणीची बरणी, दुसऱ्या बाजूला पोट उघडलेली चार युनिटं.

"ब्रेक जोरात दाबल्यावर पाय थरथरतो?" त्यांनी विचारलं. नमस्कार नाही, बसा नाही.

"माझा की शिकणाऱ्याचा?" मी म्हणालो.

त्यांनी बॅटरीचा झोत माझ्या तोंडावर मारला आणि थोडा वेळ बघितलं. "हं," त्या म्हणाल्या, "या, ड्रायव्हिंग स्कूल." त्या दिवसापासून मला नाव उरलं नाही.

चोवीस वर्षं मी लोकांना ब्रेक शिकवत होतो, पण एबीएस काय करतं ते मला ठाऊक नव्हतं. बाईंनी ते मला शिकवलं, आणि मी शिकलो नसतो तर त्यांनी गाडीला हात लावला नसता. म्हणाल्या, "प्रत्येक चाकाशेजारी एक सेन्सर असतो. चाक फिरतं तसे तो टिक, टिक, टिक असे ठोके पाठवतो. हे युनिट चारही चाकांचे ठोके मोजत बसतं. दुसरं काही करत नाही. आता तुमच्यासमोर म्हैस आली. तुम्ही ब्रेकवर उभे राहिलात. तीन चाकांचे ठोके हळूहळू कमी झाले आणि चौथ्याचे एकदम बंद. म्हणजे काय झालं?"

"चाक थांबलं."

"चाक थांबलं, गाडी थांबली का? नाही. ते चाक आता फिरत नाही, घसरतंय. घसरणाऱ्या चाकाला स्टिअरिंग कळत नाही. म्हैस आणि तुम्ही, दोघांचं कल्याण. मग युनिट काय करतं? आत बारीक झडपा आहेत. त्यांनी ते त्या एकाच चाकाकडे जाणारं ब्रेकचं तेल अडवतं, थोडं काढून घेतं. चाक पुन्हा फिरायला लागतं. फिरलं की पुन्हा आवळतं. सोड, धर, सोड, धर. तुमचं एक नाव उच्चारून होईपर्यंत कितीतरी वेळा. पायाखाली जी थरथर लागते ना, ती तीच."

मी प्रभावित झालो आणि अशा वेळी माणूस बोलतो तसं काहीतरी बोललो. "म्हणजे बाई, संसाराचंच तत्त्व की हे. फार घट्ट धरू नये."

"चाकाला धरू नये," बाई म्हणाल्या. "माणसाला घट्टच धरायचं. घसरेपर्यंत."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

मी गाडीतून काढून नेलेलं युनिट त्यांनी परत केलं. त्यात काहीही बिघाड नव्हता. मागच्या डाव्या सेन्सरची वायर उंदराने कुरतडली होती. "आधी चाकाला विचारा, मग डोक्याला," हे त्यांचं वाक्य मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. पुढे शंभरदा ऐकलं. गॅरेजवाले नेमकं उलटं करतात, युनिट महाग असतं म्हणून आधी त्यालाच दोषी धरतात, असं त्यांचं म्हणणं. खरोखर गेलेलं युनिट आलं तर मात्र बाई लग्नघरातल्यासारख्या खूश व्हायच्या. चिकटवलेलं झाकण गरम करून पातळ पात्याने सोडवायच्या, आतल्या केसाहून बारीक तारांवर बॅटरी फिरवायच्या आणि तुटलेली सापडली की "सापडलास, मेल्या" असं प्रेमाने म्हणायच्या.

त्यांच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी एकदा बाईंना जिन्याखाली छोटी पाटी लावू दिली नाही. सोसायटीच्या सौंदर्याला बाधा येते म्हणाले. त्याच आठवड्यात खर्च कमी करायला त्यांनी लिफ्ट दुपारी बंद ठेवण्याचा ठराव केला. बाई काही बोलल्या नाहीत. दोन वर्षं बोलल्या नाहीत. मग सेक्रेटरींच्याच नव्या गाडीला पिवळा दिवा लागला. खाली एक मेकॅनिक चाकं सोडवत बसला, आणि बाईंनी सेक्रेटरींना सांगितलं, "एकेक सेन्सर काढून वर आणा. एकदम चार नको हं, माझा गोंधळ होतो." वेळ दुपारची. लिफ्ट बंद. पहिला सेन्सर दोन मजले वर, मीटर लावला, चांगला आहे, घेऊन जा. दुसरा वर, चांगला आहे. तिसरा. चौथा. चौथ्या खेपेला सेक्रेटरी दाराच्या चौकटीला धरून उभे होते आणि त्यांच्या शर्टाचा रंग बदलला होता. मी तिथेच बसून पोहे खात होतो.

"सगळे सेन्सर उत्तम आहेत," बाई म्हणाल्या. "फ्यूज गेलाय. खाली बॉनेटजवळच्या डबीत आहे, दोन मिनिटांचं काम. तुमचे गुडघे काय म्हणतात?"

"बाई, तुम्हाला हे आधी माहीत होतं?" ते गेल्यावर मी विचारलं.

"चारही चाकांचे ठोके येत नाहीत म्हणाले तेव्हाच. चारही चाकं एकदम कशी रुसतील? पोहे घ्या अजून."

पाटी संध्याकाळी लागली.

दूधवाला, गॅसवाला, वर्तमानपत्रात शब्दकोड्याचं चुकीचं उत्तर छापणारा संपादक, सगळ्यांना बाईंनी यथायोग्य न्याय दिला. पण हा सगळा रियाज होता. मूळ मैफिलीचा माणूस वेगळाच होता, आणि त्याचं नाव सामंत.

ती गोष्ट त्यांनी मला ओळख झाल्यावर दोन वर्षांनी सांगितली, तीही हातातलं काम न थांबवता. तरुणपणी बाई कोलशेतच्या एका कारखान्यात सोल्डरिंगच्या लाइनवर होत्या. तो बंद पडल्यावर कल्याणजवळ, शहाडच्या बाजूला, एका मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये इलेक्ट्रिक विभाग त्यांच्याकडे आला. सामंत तिथले वर्क्स मॅनेजर. एक दिवस एक गाडी दिवा लागून आली. दोनच दिवसांपूर्वी त्याच सेंटरमध्ये तिच्या चाकाचं बेअरिंग बदललं होतं. बाई म्हणाल्या, आधी चाकाला विचारू. सामंत म्हणाले, मोड्यूल. नवं मोड्यूल टाकलं, दिवा तसाच. आणखी एक नवं टाकलं, दिवा तसाच. तोपर्यंत गाडीचा मालक ओरडत होता, सेंटरचा मालक येऊन उभा होता, आणि सगळे कामगार बघत होते.

"मग सामंत म्हणाले, बाईंनी तपासताना चुकीच्या जागी मीटर लावला, दोन्ही मोड्यूल जाळली. स्वयंपाकघरातल्या माणसाला मशीन दिलं की असंच होतं. आणि कागद पुढे केला. लिहून द्या."

"आणि तुम्ही?"

"दिलं लिहून. आई अंथरुणावर होती, नोकरी हवी होती. 'माझ्या निष्काळजीपणामुळे दोन युनिट निकामी झाली.' माझं अक्षर चांगलं आहे ना, म्हणून फलकावर लावलं. चार महिने होतं. येता-जाता वाचायचे लोक. आई गेली, तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी राजीनामा दिला."

त्यांनी सोल्डरचा एक थेंब अचूक जागी ठेवला, फुंकर मारली.

"पण ड्रायव्हिंग स्कूल, मी लिहून दिलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती गाडी गेली, तेव्हा दिवा विझलेला होता. दोन नव्या युनिटांनी जो विझला नाही, तो कोणी विझवला?"

"तुम्ही सांगायचं होतं सगळ्यांना."

"मी? मी तर लिहून दिलेली बाई. माझं कोण ऐकणार? ते त्यांनीच सांगायला हवं. त्यांच्या तोंडाने. लोकांच्या देखत."

त्यांना एवढंच हवं होतं, आणि त्यासाठी त्या आठ वर्षं थांबल्या होत्या. या आठ वर्षांत त्यांनी कल्याणात पाऊल ठेवलं नाही. सख्ख्या पुतणीचं लग्न कल्याणात झालं, तिचं घरही तिथेच. बाईंनी आहेर माझ्या हाती पाठवला. पुतणी दारात मला बघून माझ्या मागे कोणी आहे का ते बघत राहिली. ते मला आवडलं नाही आणि मी परत येऊन बाईंना तसं म्हणालो. त्यांनी पंधरा दिवस माझ्याशी बोलणं टाकलं.

मग एके दुपारी माझ्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये एक पत्रक आलं. कल्याणातल्या मेकॅनिक लोकांच्या एका मंडळाने रविवारी सकाळी प्रात्यक्षिक ठेवलं होतं. विषय, एबीएसचे बिघाड. मार्गदर्शक, निवृत्त वर्क्स मॅनेजर सामंत सर. ज्यांच्या गाडीला दिवा लागला असेल त्यांनी गाडी घेऊन यावी, सर सर्वांसमोर निदान करतील.

मी ते नौपाड्यात नेऊन दिलं. बाईंनी वाचलं. पुन्हा वाचलं. मग हात लांब करून सोल्डरिंगचं बटण बंद केलं. दिवसाउजेडी ते बंद झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"तुमची लाल गाडी द्याल?"

"कशाला?"

"बिघडवायची आहे."

इथे जरा बेअरिंगविषयी ऐकून घ्या, नाहीतर पुढची मजा कळणार नाही. आजकालच्या बऱ्याच गाड्यांत सेन्सरला ठोके मिळतात ते बेअरिंगवरून. त्याच्या एका बाजूच्या काळ्या रबरात चुंबकाचे बारीक तुकडे बसवलेले असतात. दुसऱ्या बाजूलाही काळंच रबर, पण नुसतं. दोन्ही बाजू जुळ्या बहिणींसारख्या. चुंबकाची बाजू सेन्सरकडे यायला हवी. उलटं बसवलं तर गाडी चालते, आवाज नाही, खडखड नाही, फक्त सेन्सरला ठोके मिळत नाहीत आणि दिवा लागतो. मग सेन्सर बदला, मोड्यूल बदला, डॅशबोर्ड बदला, काही उपयोग नाही. ओळखायला लागते एक टाचणी. चिकटली तर ती चुंबकाची बाजू.

शनिवारी आम्ही लाल गाडी कोलशेतला नेली. तिथे एक म्हातारे प्रेसवाले होते, तिथलेच जुने गाववाले, बेअरिंग दाबून बसवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही. त्यांनी बेअरिंग हातात घेतलं, बाईंनी ते त्यांच्या हातातच फिरवून दिलं.

"बाय, ह्यो उलटा जातंय बग," म्हातारबुवा म्हणाले.

"तसाच जाऊ द्या."

"मंग दिवा लागंल ना गं!"

"लागू दे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी आभाळाकडे बघितलं. त्यांनी प्रेस दाबला. "शिकलेली मानसं," ते पुटपुटले.

रविवारी सकाळी आम्ही निघालो. ठेवणीतली निळी साडी, हातात हिरव्या बांगड्या, एका बांगडीत दोन सेफ्टी पिना. समोर पिवळा दिवा निरांजनासारखा तेवत होता. मला काळजी, ब्रेक लागतील ना? "लागतील. साधे लागतील," बाई म्हणाल्या. "आपल्याला कळत नाहीये असं दिसलं की युनिट बाजूला होतं, मध्ये लुडबुडत नाही. सामंतांपेक्षा शहाणं आहे." कल्याणात शिरणारा दुर्गाडीचा पूल आला. बाई खिडकीबाहेर बघत होत्या. पूल संपला तेव्हा त्या म्हणाल्या, "आणि खोटं बोलायचं नाही. त्यांनी विचारलं, काही काम केलंय का गाडीचं, तर सांगायचं, काल बेअरिंग बदललं. सरळ सांगायचं."

"मग तर सगळंच फसेल!"

"विचारणार नाहीत. त्यांनी आयुष्यात कोणाला काही विचारलं नाही."

शाळेच्या पटांगणात मांडव, पन्नास-साठ मेकॅनिक, काहींच्या नखांत शनिवारचं ग्रीस. सामंत सर पांढऱ्या शर्टात, खिशाला तीन पेनं, हातात छडी. उंच, रुबाबदार, आवाज असा की माइक लाजावा. बाई मागच्या रांगेत एका जाड्या माणसाच्या आड बसल्या. लाल गाडी पुढे लागली.

सरांनी कॉम्प्युटर जोडला. "पुढचं डावं चाक. सिग्नल नाही." नवा सेन्सर लावला. दिवा तसाच. वायर तपासली, उत्तम. माझ्याकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही. मग त्यांनी छडी बॉनेटवर ठेवली.

"सेन्सर नवा. वायर चांगली. मग राहिलं काय? मोड्यूल. लिहून घ्या."

साठ जणांनी लिहून घेतलं. आणि मागून आवाज आला, "सर, एक शंका होती."

सामंतांनी आवाज ओळखला. मी त्यांच्याकडेच बघत होतो, मला दिसलं. बाई रांगेतून वाट काढत पुढे आल्या.

"अरे वा, बर्वेबाई! या, या. मंडळी, या आमच्या जुन्या सहकारी. एकदा दोन मोड्यूल जाळली होती यांनी, पण हौस दांडगी!" लोक हसले. बाईही हसल्या. त्यांना हसताना मी फार कमी वेळा पाहिलं होतं, आणि प्रत्येक वेळी कोणाचं तरी वाईट झालं होतं.

"उजव्या चाकाचा सेन्सर काढता का जरा?" त्यांनी पुढच्याच एका मेकॅनिकला सांगितलं. सेन्सर निघाला. बाई साडी सावरून खाली बसल्या, बांगडीतली पिन काढली आणि सेन्सरच्या भोकातून तिचं टोक आत टेकवून हात सोडला. पिन तशीच राहिली. चिकटली होती.

"आता डावं."

डाव्या बाजूला तीच पिन, तेच भोक. हात सोडला. पिन टणकन खाली पडली.

मग शहाडचा कोणीतरी ओरडला, "आयला, बेअरिंग उलटं!" आणि मांडव हशाने फुटला.

"गाडीवाले, बेअरिंग कधी बदललेलं?"

"काल," मी म्हणालो.

"मग बोलला का नाही?"

"कोणी विचारलंच नाही."

"सर, खोडा ते वहीतलं!"

"मोड्यूल घरी न्या सर, शोकेसमध्ये ठेवा!"

"अरे, सरांना बेअरिंग कुठून कळणार, सर एसी केबिनवाले!"

या ठिकाणी मी गोष्ट थांबवून पुढचं आधी सांगून टाकतो, कारण शेवटचा शब्द माझा असू नये. त्या दिवशी आम्ही परत येताना बाई पुतणीकडे उतरल्या. पुतणीने दार उघडलं, आणि दोघी उंबरठ्यावरच भांडायला लागल्या, मी गाडीतच बसून राहिलो. अर्ध्या तासाने पुतणीने खिडकीतून मला चहाला बोलावलं. सोमवारी आम्ही बेअरिंग सरळ करून घेतलं, म्हातारबुवांनी यावेळी काही विचारलं नाही. बाई त्यानंतर वर्षभर होत्या. त्या वर्षात त्यांनी कोणाचाही सूड घेतला नाही. दूधवाल्याला वाटलं त्यांची तब्येत बरी नाही. मला मात्र त्या पटांगणातल्याच दिसतात. जमिनीवर बसलेल्या, पडलेली पिन शोधून पदराला पुसणाऱ्या, आणि मान वर करून सामंतांकडे बघणाऱ्या. नुसत्या बघत होत्या, जसं ठोके मोजणारं युनिट एखाद्या चाकाकडे बघत असावं.

सामंतांचा चेहरा लाल झाला होता. साठ मेकॅनिक हसत होते, आणि ज्या माणसाला आयुष्यभर कोणी हसलं नव्हतं त्याला आपलं ज्ञान सिद्ध करायची घाई झाली होती. त्यांनी माइक ओढून घेतला, छडी बाईंच्या दिशेने रोखली आणि अख्ख्या पटांगणाला ऐकू जाईल असे ओरडले,

"मला बेअरिंग कळत नाही? मला? यांच्या त्या दोन मोड्यूलवाल्या गाडीचं बेअरिंग मीच उलटं बसवलं होतं, आणि सगळे घरी गेल्यावर मीच सरळ केलं, विचारा या बाईंना!"